कॉल सेंटरमधल्या पोरांना खांदा आला होता

आधीच सांगून ठेवतो, तुमचं हे सदर मी आजपर्यंत हसण्यासाठी ऐकत आलो. सूनबाई संध्याकाळी भाजी निवडताना मोबाईलवरून वाचून दाखवायची. कुणाला वळणावर बाई दिसली, कुणाच्या माळ्यावर पावलं वाजली... आणि मी म्हणायचो, ह्या माणसाला रात्रीचं जेवण पचलेलं नाही. आमच्या शेताच्या बांधाला लागून मसणवट आहे. गव्हाच्या राखणीला मी तिथं एकटा झोपलोय, विड्या ओढत. गोदावरीला पूर यायचा तेव्हा वाहून आलेलं काय काय ह्या हातांनी ओढून काढलंय. मला कधी काही दिसलं नाही. एकदा आमच्या मंडळींचा ताप हटेना म्हणून शेजारच्यांनी भगत आणला. त्याला मी उंबऱ्यावरूनच परत लावला आणि तिला गाडीत घालून दवाखान्यात नेली. बरी झाली. तेव्हापासून ह्या विषयावर माझ्याशी कुणी वाद घालत नाही.

आता मीच सांगायला बसलोय. शाळा चौथीपर्यंत, तीही पुरती नाही. मी बोलतो, वैशाली — आमची सून — टाईप करते. तिला बजावलंय की माझा शब्द सुधारायचा नाही. ज्याला पटेल त्यानं वाचावं, नाही पटलं तर पुढं जावं. मी कुणाच्या पाया पडणार नाही.

माझं गाव सायखेडा. सगळी हयात बैलांत गेली. गावात ट्रॅक्टर आले, लोकांनी गोठे मोडून तिथं मोटारसायकली लावल्या, तरी मी माझी जोडी ठेवली. गुडघे गेले तेव्हाच विकली. कुणाच्या बैलाला खांदा आला की मला बोलावणं यायचं. खांदा येणं म्हणजे काय ते शहरातल्या लोकांना सांगायला पाहिजे. बैलाच्या मानेवर, वशिंडाच्या पुढं, जू टेकतं. ओझं जास्त झालं, किंवा जोडीतला एक मागं राहिला आणि जू तिरकं झालं, की तिथली कातडी सोलवटते. आधी केस जातात, मग आडवी सूज धरते, मग ती ओली होते. माझ्या बोटांना ती सूज अंधारातसुद्धा कळते. हे मोठेपणा म्हणून सांगत नाही. म्हणजे आहेच मोठेपणा, पण पुढं काय झालं ते कळायला लागेल म्हणून सांगतोय.

प्रशांत माझा एकुलता मुलगा. पाथर्डी फाट्याला फ्लॅट आहे, मंडळी गेल्यावर मी तिथंच राहायला आलो. त्याचं ऑफिस अंबडच्या लिंक रोडला, तिसऱ्या मजल्यावर. काम काय, तर तक्रारी ऐकायच्या. लोक मोबाईलवरून सामान मागवतात, ते येत नाही, फुटकं येतं, निळं मागवलं तर हिरवं येतं. मग लोक फोन करून शिव्या देतात. पोरांनी कानाला यंत्र लावून सॉरी सर, सॉरी मॅडम म्हणायचं. पाळी संपेपर्यंत तेच. प्रशांत त्या सगळ्यांचा हेड. त्याच्या वर पुण्याची माणसं, त्यांच्या वर आणखी कुठली.

त्या ऑफिसात पोरं टिकत नव्हती. आज आला, महिन्यानं गेला. जे होते ते सारखे रजा टाकायचे. प्रशांत वैतागून घरी यायचा. एकदा जेवताना मी त्याला म्हणालो, "सुटा सुटा बैल कुणी मोजतं का? जोडी बघतात. शेजारी आपला जोडीदार ओढतोय म्हटल्यावर बैल बसत नाय."

पोरानं ते डोक्यात घेतलं आणि ऑफिसात जोड्या लावल्या. शेजारी शेजारी दोन खुर्च्या, दोघांची एक जोडी. एक उठला तर त्याचे फोन दुसऱ्यावर. एक रजेवर गेला तर दुसऱ्यानं दोघांचं ओढायचं. शाबासकी मिळाली तर दोघांना, बोलणी बसली तर दोघांना. आणि काय सांगू, रजा बंद झाल्या. ताप असला तरी पोरं यायला लागली, कारण नाही गेलो तर शेजारचा मरेल हे दिसत होतं. पुण्याच्या साहेबानं प्रशांतला सगळ्यांसमोर उभं करून टाळ्या वाजवल्या. घरी येऊन त्यानं माझ्या पायावर डोकं ठेवलं. मला बरं वाटलं. का वाटू नये? बैलांच्या बाबतीत मी बोललो ते खरंच होतं आणि आजही आहे.

श्रावण लागला असेल. रविवारी सकाळी प्रशांत बनियन काढून अंघोळीला चालला होता. मी पेपर बघत होतो. सहज मान वर केली आणि त्याच्या पाठीकडं बघतच राहिलो.

मानेच्या खाली, दोन खांद्यांच्या मध्ये, आडवी सूज. वरचे केस गेलेले. कातडी गुळगुळीत, काळपट. डावीकडं जास्त.

"इकडं ये," मी म्हणालो. "काय उचललंस?"

"काही नाही, अण्णा. बसून बसून होतं."

"बसून ढुंगणाला होतं, मानेला कसं होईल?"

"डॉक्टरांना दाखवलंय. मणक्याचा फोटो काढला, चांगला आहे. उशी बदला म्हणाले."

मी बोट लावलं. गरम होती. आणि बोटांनी मला जे सांगितलं ते मी तोंडानं बोललो नाही. माणूस माणूस आहे, बैल बैल आहे. खुर्चीत बसणाऱ्याच्या मानेवर जू कुठून येईल? मी परत पेपर हातात घेतला. वैशालीला मात्र विचारलं, कधीपासून आहे. ती म्हणाली, "उन्हाळ्यापासून, अण्णा. आधी चट्टा होता."

पुढं काही दिवसांनी प्रशांत डबा विसरला. वैशाली कामात होती, मी म्हटलं मी नेतो. रिक्षानं गेलो. खाली वॉचमन, वर काचेचं दार. मला बाहेर सोफ्यावर बसवलं. काचेतून आत दिसत होतं. लांबच लांब टेबलांच्या ओळी, नटबोल्टनं फरशीला आवळलेल्या, आणि त्यांना पोरं-पोरी लागलेली, दोघं दोघं. सगळ्यांच्या माना पुढं. बोलताना ओठ हलायचे, बाकी अंग हलत नव्हतं. औत भारी जमिनीत शिरलं की बैल मान खाली घालून जसा एका ठिकाणी बघतो, तसं सगळे समोरच्या पडद्यात बघत होते.

एक मुलगी पाणी प्यायला बाहेर आली. नेहा नाव, सिडकोतली. एवढ्या उकाड्यात गळ्याभोवती ओढणी गच्च. वाकून पाणी घेताना ओढणी सरकली आणि मला दिसलं. तीच सूज. उजवीकडं जास्त.

मी म्हातारा माणूस, मला कसली लाज. म्हटलं, "पोरी, मानेला काय झालं?"

तिनं पटकन ओढणी ओढली. "ॲलर्जी आहे, आजोबा."

तिच्या मागोमाग एक पोरगा आला होता. उंच, हाडं निघालेला, दाढी वाढलेली. तो माझ्याकडं बघून हसला. "बाबा, तुम्ही अण्णा ना? सरांचे वडील? सायखेड्याचे?"

"हो."

"मी किरण. चांदवडचा. आमच्याकडंही बैल होते." तो माझ्या शेजारी बसला, शर्टाची कॉलर मागं ओढली आणि पाठ माझ्याकडं केली. "बघा बरं. हा खांदाच आलाय ना?"

मी वाकून बघितलं. त्याची सूज ओली झालेली होती. कॉलरला आतून डाग पडले होते.

"मला तर पहिल्याच हप्त्यात कळलं," किरण म्हणाला. "पण सांगणार कुणाला? डॉक्टरला म्हटलं खांदा आलाय, तर तो म्हणतो शोल्डर का? म्हटलं, हो, शोल्डर."

"अरे पण जू कुठं ठेवतात तुमच्या ऑफिसात?"

"तेच तर सापडंना, बाबा. सापडलं की जाळून टाकू." आणि परत हसला. मग नेहाला म्हणाला, "दाखव गं त्यांना, डॉक्टरपेक्षा बरे आहेत. फी पण नाय."

त्या दिवशी मला त्यानंच सांगितलं की सगळ्यांनाच आहे. जो तो समजत होता आपल्यालाच आहे, म्हणून झाकून बसायचा. आणि एक गोष्ट त्यानं हेरली होती. जोडीतल्या दोघांची सूज आतल्या अंगाला. डाव्या खुर्चीतल्याची उजवीकडं, उजव्या खुर्चीतल्याची डावीकडं. म्हणजे जोडीदाराच्या बाजूला. किरणची जोडीदार अश्विनी काविळीनं घरी पडली होती. ती रजेवर गेल्यापासून त्याची सूज ओली झाली. तिकडं घरी पडल्या पडल्या तिची सूज बसली होती, असं तिनं फोनवर सांगितलं होतं.

मी घरी आलो. प्रशांतची सूज डावीकडं होती हे मला आठवत होतं. त्याला तर जोडीदार नव्हता. केबिनमध्ये तो एकटा, आणि खुर्चीच्या डावीकडं कोरी भिंत.

रात्री जेवण झाल्यावर मी विषय काढला. भुताचं काही बोललो नाही. एवढंच म्हणालो, "त्या किरणला सोड. सोललेल्या खांद्यावर कुणी जू ठेवत नाय. गावात तसं केलं तर लोक मारतात."

"अण्णा, सेल चालू होतोय. अजून थोडे दिवस. मग मीच त्याला आठवडाभर घरी पाठवतो."

"तोवर राहिला पाहिजे ना तो."

प्रशांतनं ताट सरकवलं. "मग काय करू सांगा. वरून माणूस देत नाहीत. एकाला सोडला की शेजारचा पडतो. मी नाही म्हटलं तर माझ्या जागी दुसरा आणतील, आणि तो ह्यांना पाणी प्यायलासुद्धा उठू देणार नाही. मी आहे म्हणून निदान... " वैशाली म्हणाली, "निदान काय?" तर हात धुवायला गेला.

माझं त्या वेळचं मत मी लपवत नाही. खुर्चीत बसून थकवा येतो हे मला पटत नव्हतं. आम्ही उन्हात राबलो, कुणी आम्हाला विचारलं नाही. पण पटणं वेगळं आणि डोळ्यांनी बघितलेली जखम वेगळी. जखम जनावराची असो की माणसाची, ती दिसल्यावर सोडतात. एवढं मला कळत होतं.

पुण्याहून एक मॅडम आल्या. त्यांनी पोरांना गोल बसवून श्वास घ्यायला लावला, सोडायला लावला. ह्याला बर्नआउट म्हणतात म्हणाल्या. शब्द माझ्या तोंडात नीट बसत नाही, वैशालीनं बरोबर लिहिला असेल. जाताना सगळ्यांना एकेक भेट दिली. प्रवासात गळ्यात घालतात ना, तशी उशी. तांबडी, वर कंपनीचं नाव. प्रशांत तिचा फोटो दाखवत होता, सगळी पोरं ओळीनं उभी, गळ्यात तांबड्या उश्या. मला म्हणाला, "बघा अण्णा, करतायत काहीतरी." मी फोटो बघितला आणि फोन परत दिला. आम्ही बाजाराला न्यायच्या बैलांना असंच नटवायचो.

पोळ्याचा आदला दिवस आला. त्या दिवशी खांदेमळणी असते. बैलाचे खांदे गरम पाण्यानं शेकायचे, तूप-हळद लावून मळायचे, आणि त्याला आवतण द्यायचं, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. दुसऱ्या दिवशी त्याच्या मानेवर काही ठेवायचं नाही. मग तुमचं कितीही नुकसान होवो.

दुपारचा चहा झाल्यावर मी वाटीत तूप घेतलं, हळद कालवली, थर्मासमध्ये गरम पाणी भरलं, एक जुना टॉवेल घेतला. वैशालीनं विचारलं कुठं. म्हटलं, औषध द्यायला. पूजा-बिजा माझ्या मनात नव्हती. खांदा आला की हा उपाय मी किती बैलांना केलाय. बस, तेवढंच.

वॉचमननं वर सोडलं नाही. मी पार्किंगमध्ये एका मोडक्या खुर्चीवर बसलो आणि वॉचमनलाच किरणला फोन लावायला सांगितलं. तो चहाच्या सुट्टीत खाली आला. वाटी बघितली आणि हसायला लागला.

"बाबा, शिंगं पण रंगवणार का?"

"गप बस खाली."

तो माझ्या पुढं जमिनीवर बसला, शर्ट काढून. मी टॉवेल गरम पाण्यात पिळून त्याच्या मानेवर ठेवला. तो हूं की चूं करीना. मग तूप-हळद घेऊन मी हलक्या हातानं मळायला लागलो.

आता जे झालं ते पार्किंगमध्ये, उजेडात, माझ्या ह्या हाताखाली झालं. बैलाच्या अंगावर माशी बसली की तो शेपूट न हलवता तेवढ्याच जागेची कातडी थरथरवतो. तुम्ही बघितलं असेल. माणसाला ते येत नाही, करून बघा. किरणच्या खांद्याची कातडी माझ्या तळव्याखाली तशी थरथरली. एकदा, मग परत. मी हात उचलला. तो शांत बसला होता, त्याला ठाऊकच नाही. नाकातून मोठा श्वास सोडला त्यानं, आणि मला पेंडीचा वास आला. बैलाला घालतात त्या भिजवलेल्या सरकी पेंडीचा. तिथं आजूबाजूला सगळ्या मोटारसायकली.

मी घाबरलो का? घाबरलो. कुणाला सांगितलं नव्हतं, इथं सांगतोय.

"थांबलात का?" किरण म्हणाला. "आवतण द्या की, बाबा. आमचे वडील द्यायचे."

मी म्हणालो, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या."

तो गुडघ्यात डोकं घालून रडला. तेवढ्यात नेहा खाली आली. तिच्या मागं आणखी दोघं. मग आणखी. पोरं शर्टाची बटणं काढून, पोरी ओढणी सारून, ओळीनं माझ्या पुढं बसायला लागली. वाटी संपत आली. प्रत्येकाची कातडी तशीच थरथरली. एकाचीही चुकली नाही.

प्रशांत खाली आला. कुणीतरी सांगितलं असणार. "अण्णा, हे काय चालवलंय? वर फोन वाजतायत. सगळ्या सीट रिकाम्या." पोरं उठायला लागली. मी म्हटलं, "बसा." आणि त्याला म्हटलं, "उद्या पोळा आहे. उद्या ह्यांच्या मानेवर जू ठेवणारा तू कोण?"

तो पोरांकडं बघत राहिला. मला वाटतं त्यानं त्या सगळ्या माना एका वेळी पहिल्यांदाच उघड्या बघितल्या. त्याचा हात आपोआप स्वतःच्या मानेकडं गेला.

मग म्हणाला, "सगळ्यांना नाही सोडू शकत. किरणला सोडतो. उद्या त्याच्या सीटवर मी बसतो."

किरण नको नको म्हणायला लागला. "सर, माझ्याकडं दोघांचं आहे, अश्विनीचंही. तुम्हाला नाही झेपायचं."

"तू उद्या आमच्या घरी जेवायला जा. अण्णांनी आवतण दिलंय ना?" प्रशांत म्हणाला. तेव्हा तो हसला. पुष्कळ दिवसांनी.

मी त्याच्याही मानेला उरलेलं तूप लावायला गेलो, तर म्हणाला, "राहू द्या अण्णा, उशीर होतोय." आणि जिना चढून गेला.

पोळ्याच्या दिवशी वैशालीनं मातीचे बैल पुजले. किरण आला, लाजत. पुरणपोळी खाल्ली, चांगली पोटभर. मग हॉलमधल्या दिवाणावर पालथा झोपला. असा झोपला की वैशाली दोनदा जाऊन श्वास बघून आली. मी खुर्चीत बसून होतो. त्याची मान माझ्या समोर होती. आणि ती सूज माझ्या डोळ्यांदेखत बसत गेली. ओली जखम कोरडी झाली, कडा मिटल्या. खांदा बरा व्हायला पंधरवडा लागतो, लगेच सोडला तरी. ही दुपारभरात गेली. चहाच्या वेळेपर्यंत नुसता डाग. मी डोळे पुसून बघितलं, चष्मा बदलून बघितलं. मला आनंद व्हायला पाहिजे होता. पण झाला नाही, कारण जोडीचा नेम मला माहीत होता. एकाचं उतरतं ते दुसऱ्यावर जातं.

मी वैशालीला म्हटलं, प्रशांतला फोन लाव. लागेना. पुन्हा लाव. लागेना. मग तिलाच फोन आला. नेहाचा.

आम्ही पोचलो तेव्हा त्याला ॲम्ब्युलन्समध्ये घातलं होतं. वैशाली त्याच्याबरोबर गेली. मी आणि किरण वर गेलो. त्या दिवशी मला वॉचमननं अडवलं नाही.

ती टेबलांची ओळ फरशीत आवळलेली होती म्हणून मघाशी सांगितलं. ती पूर्ण ओळ जागेवरून पुढं आलेली होती. हातभर. बोल्ट फरशीसकट उपटलेले. आणि मागं, प्रशांत बसला होता त्या खुर्चीपासून, फरशीवर एक चर पडलेला. टाईल्स चिरून, खालचं सिमेंट वर आलेलं, दोन्ही बाजूंना सारखं पसरलेलं. मी आयुष्यभर नांगर धरलाय. एका दमात, न थांबता ओढलेल्या नांगराचा चर कसा दिसतो ते मला कुणी शिकवू नये. तिसऱ्या मजल्यावर, एसीत, टाईल्सवर मी तो बघितला. वाकून हात घातला. सिमेंट गार होतं.

नेहा भिंतीला टेकून बसली होती. ती म्हणाली, सर सकाळपासून उठलेच नाहीत. पाणी दिलं तर नको म्हणाले. फोनवर सॉरी सर, सॉरी सर चालू होतं. दुपारनंतर ते पुढं पुढं वाकायला लागले, मानेच्या शिरा टरारून आल्या. तिनं खांद्याला हात लावून म्हटलं, सर, थांबा. तर म्हणाले, थांबता येत नाही, तो पडेल. तिनं विचारलं, कोण? तेवढ्यात काडकन आवाज झाला, सगळी टेबलं सरकली, आणि ते कोसळले. त्यांच्या डाव्या हाताला अश्विनीची खुर्ची होती. रिकामी. तीही त्यांच्या खुर्चीच्या बरोबरीनं पुढं आलेली.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, मानेचे स्नायू फाटलेत, अपघात झाला का? कुठं दबले होते का? आम्ही म्हटलं, खुर्चीत बसले होते. त्यांनी आमच्याकडं असं बघितलं की आम्ही काहीतरी लपवतोय. बरेच दिवस ठेवलं. जगला. पण मान आता पुरती वर येत नाही, उजवा हात उचलत नाही, बोलणं कमी झालंय.

कंपनीनं फरशी नवी बसवली. इमारतीचं बांधकाम खचलं असं कागदावर लिहिलं. खचलं तर दुसऱ्या मजल्याचं छत कसं चांगलं राहिलं, हे मी त्यांच्या माणसाला विचारलं. तो म्हणाला, काका, तुम्ही घरी जा. नवा हेड आला. त्यानं जोड्या मोडल्या आणि तिघातिघांचे गट केले, असं नेहानं सांगितलं. तिनं नोकरी सोडली. किरणही सोडून चांदवडला गेला, कांद्यात काम करतो. मानेवर डागसुद्धा नाही. मध्ये भेटायला आला होता, प्रशांतच्या पायाशी बसून राहिला.

आम्ही आता सायखेड्यालाच आहोत. वैशाली इथून शाळेत जाते, शिकवायला. मी पुष्कळांना विचारलं. डॉक्टरला, इंजिनिअरला, एका शिकलेल्या मास्तरलाही. कुणी म्हणतं फरशी तापून उकलली, कुणी म्हणतं तुम्हाला आधीपासून बैलच दिसत होते म्हणून तिथंही दिसले. असेल. मी भगताकडं गेलेलो नाही आणि जाणार नाही. भूत होतं असं मी म्हणत नाही. काय होतं ते मला माहीत नाही. एवढं एकच वाक्य मला ह्या वयात बोलावं लागतंय, आणि ते मला जड जातं.

एकदा अंगणात ऊन खात बसलो असताना मी प्रशांतला सरळ विचारलं. "तुझ्या डाव्या अंगाला कोण होतं?"

तो म्हणाला, "माहीत नाही, अण्णा. पण होता. आधीपासून होता, केबिनमध्ये पण. लय दमलेला होता. त्याचा श्वास ऐकू यायचा. मी थांबलो असतो तर त्याच्या एकट्यावर आलं असतं."

"बघितलं नाही का त्याला?"

"मान वळत नव्हती."

त्यापुढं मी विचारलं नाही. पण तो विचारतो. रोज दिवे लागायच्या वेळेला, वैशालीनं ताट आणून ठेवलं की हात आखडता घेतो आणि माझ्याकडं बघायचा प्रयत्न करतो. मान येत नाही तेवढी वर, म्हणून माझ्या गुडघ्यांकडं बघून म्हणतो, "अण्णा, त्याला सोडलं का?"

मी म्हणतो, "सोडलं रे. मघाशीच सोडलं."

मग तो जेवतो.